पेशंटबरोबर कोण आहे?

चांदीच्या कागदात अर्धी गोळी उरली होती. एका बाजूने गोल, दुसरीकडे सुरीने कापल्यामुळे ओबडधोबड. मेहरुनबी पाकिटावरूनच ती अंगठ्याने चाचपत राहिली. औषधं बरोबर आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि घरात औषधं तिच्याच ताब्यात, म्हणून सांगलीच्या दवाखान्यातल्या या बाकावर ती पाकीट मुठीत धरून बसली होती. शेजारी सून, सुमैरा. केवढा तो तुकडा, आणि तेवढ्यावर ही पोरगी सकाळपर्यंत तोंड उघडं टाकून झोपते, उशाशी तान्ही शिफा रडून लाल झाली तरी कूस बदलत नाही... मग शिफाला उचलायचं कुणी? जी जागीच आहे तिने.

सुनेचं करण्यात तिने कसूर केली नव्हती. वेळेवर गोळी, वेळेवर दूध, नातीचं सगळं. शेजारणी म्हणायच्या, सासू असावी तर अशी. त्यांना काय कळतंय! मी जळते हिच्यावर. चांगल्या साडीवर नाही, दागिन्यावर नाही, हिच्या आजारावर जळते — असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

शिफा झाली आणि दोन महिन्यांत सुमैरा गप्प होत गेली, भाकरी थापता थापता रडायला लागली, तेव्हा नईमने — मेहरुनबीच्या पोटच्या पोराने, ज्याला स्वतःचा टॉवेल कधी सापडत नाही त्याने — मोबाइलवर शोधून हा दवाखाना काढला, पलूसचं दुकान बंद ठेवून बायकोला गाडीत घालून आणलं. आजाराला नाव मिळालं. आणि एकदा नाव मिळालं की सगळंच मिळतं, उशिरा उठायची मुभा, सकाळच्या उन्हात फिरायला जायची मुभा, नवऱ्याने हातात आणून दिलेला चहा... ‘अम्मी, तिला काही बोलू नका, तिची तब्येत बरी नाही.’ आणि माझी? तू पोटातून बाहेर आलास तेव्हा मीही अशीच बसून राहायचे, नईम. परसातल्या विहिरीकडे पाय आपोआप वळायचे माझे, मी उलटी फिरून घरात यायचे. सासू म्हणाली, हाताला काम असलं की डोकं ठिकाणावर राहतं, आणि ओली बाळंतीण असतानाच सुई-दोरा हातात दिला. गाद्या भरणाऱ्यांचं घर. निम्मं पलूस तिच्या टाक्यांवर झोपतं. गावाने मजेत घोरावं आणि शिवणारीने पत्र्याकडे बघत पडावं, असला हा धंदा. चांदसाहेब, तिचा नवरा, भला माणूस होता, पण एकदा कुशीवर वळला की संपलं. जाईपर्यंत त्याला पत्ता नव्हता की शेजारची बाई जागी असते.

“सुमैरा नदाफ! पेशंटबरोबर कोण आहे?”

“मी हाय,” म्हणत मेहरुनबी उठली. नईम शिफाला घेऊन बाहेर थांबला होता.

डॉक्टर तरुण होत्या, सुमैराहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. सुमैराकडे बघून हसल्या. “चेहरा छान दिसतोय. झोपेची अर्धी गोळी आता बंद करायला हरकत नाही. दुसरी मात्र चालू राहील, मनाने सोडायची नाही. झोप कशी आहे?”

सुमैरा हरखली. येताना गाडीत ती नईमला हेच सांगत होती, की गोळी कमी झाली पाहिजे, शिफा रात्री रडली तर मला उठायचंय, ती मला ओळखेनाशी होईल... मेहरुनबीने मागच्या सीटवर सगळं ऐकलं होतं. सुमैराने बोलायला तोंड उघडलं, पण सुनेला विचारलेलं सासूने सांगायचं ही घरची रीत, आणि रीत दवाखान्याच्या दाराशी थोडीच थांबते.

“कुठली झोप, मॅडम,” मेहरुनबी म्हणाली. “डोळा लागतो न लागतो तवर जाग येती. छातीत धडधडतं. दार लावलंय का न्हाई ते सारखं उठून बघायचं. लय वंगाळ विचार येत्यात... मेलेली माणसं आठवत्यात.”

“रोज?”

“रोज.”

इथे थांबायला हवं होतं. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्या तिच्याकडे, फक्त तिच्याकडे बघत होत्या, मध्येच ‘हं’ म्हणत होत्या, आणि असं कुणी ऐकायला लागलं की बाई बोलतच जाते. पहाटेचा घाम सांगून झाला, उगीच भरून येणारे डोळे सांगून झाले... सांगता सांगता अंग हलकं होत होतं. सुमैरा मान खाली घालून ऐकत होती.

“मग बंद नको,” डॉक्टर म्हणाल्या. “अर्धीची एक करू.”

सुमैराचा चेहरा उतरला. मेहरुनबीने तो उतरताना पाहिला आणि, खोटं कशाला बोलायचं, क्षणभर तिला बरं वाटलं.

“सुमैरा, तुम्हालाही असंच होतं का?”

“मला काय कळतंय, मॅडम,” सुमैरा म्हणाली. “मी झोपेत असती. अम्मी म्हणत्यात तसंच आसंल. त्याच जाग्या असत्यात ना.”

त्यात टोमणा नव्हता. शोधूनही मेहरुनबीला सापडला नाही. या पोरीचा स्वतःच्या झोपेपेक्षा सासूच्या शब्दावर विश्वास होता. आता एक अख्खी गोळी... दिवसाही पेंगेल ही, शिफा हातातून सुटेल एखाद्या दिवशी, आणि सगळे म्हणतील, तब्येतच तशी. मला कुणी काही म्हणणार नाही. हे मी केलेलं असेल आणि मला कुणी काही म्हणणार नाही...

“मॅडम, वाढवू नगा.” आवाज तिचाच होता. “ती झोपती. चांगली झोपती. ते... ते माझं सांगितलं मी.”

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. रागावल्या नाहीत. “कधीपासून होतं असं?”

“नईम झाला तवापासनं.”

“नईम किती वर्षांचे?”

“बत्तीस,” सुमैराने सांगितलं.

डॉक्टरांनी नवा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, “हे बरं होतं. गोळीच लागेल असं नाही, आधी नीट बोलू, तपासू, मग ठरवू. पण बरं होतं हे.”

सुमैरा उठली. “अम्मी, हितं बसा.”

बरं होतं. मेहरुनबी उभीच राहिली. हेच तर हवं होतं ना, कुणीतरी विचारावं, कुणीतरी म्हणावं... पण बरं होतं म्हणजे तेव्हाही झालं असतं. कुणी गाडीत घालून आणलं असतं तर चार-सहा महिन्यांत झालं असतं. मग बत्तीस वर्षांच्या त्या जागत्या रात्री कशासाठी होत्या? हे नशीब आहे, जाणारं नाही, अशी समजूत घालून काढल्या त्या सगळ्या... सुमैराचा गुबगुबीत, पंचविशीतला हात तिच्या कोपराला धरून होता. ही वेळेवर बरी होतेय. झोप नव्हे, ही वेळ हिला मिळाली, आणि ती मला आता कुठलाच डॉक्टर देणार नाही. या अल्ला, माझं हे बरं होऊच नये, असं तिच्या मनात आलं, आणि आलं तशी ती स्वतःलाच भ्याली.

डॉक्टर थांबल्या होत्या. सुमैराने स्टूल आणखी थोडं जवळ ओढलं.