पहिलं तिकीट

गावातून तालुक्याला जायला सकाळची एकच गाडी. ती फाट्यावर सोडते, तिथून मोठी गाडी. ती चुकली की दिवस बुडाला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

शिंपीणबाई आज सगळ्यांच्या आधी थांब्यावर आली होती. नवरा गेल्यापासून गावात कुणी तिच्याकडे कापड टाकेना. आता तालुक्याच्या वसतिगृहात शिवणकाम मिळालं होतं. राहायला खोली, लेकीला शाळा. आज दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. जागा पक्की झाली की लेकीला न्यायचं.

तिने पायरीवर पाय ठेवला तोच कंडक्टर दारात आडवा आला.

"वहिनी, जरा थांबा. आधी दुसरं कुणीतरी चढू दे."

विधवेला पहिलं तिकीट द्यायचं नाही, ही या गाडीची रीत. गाडी वेळेवर सोडायचा नियम कधी पाळला नाही, पण ही रीत मात्र अगदी काटेकोर! एरवी दुकानदाराची सून आधी चढायची. ती माहेरी गेलेली, आणि थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"भाऊ, फाट्यावरची गाडी जाईल हो!"

"मी तरी काय करू? मागे एका बाईला असंच पहिलं तिकीट दिलं, तर टायर फुटला."

"त्या टायरची पार चाळण झाली होती. बाईने काय केलं त्याला?"

ड्रायव्हर खुदकन हसला. कंडक्टर रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता रिकामाच. तिचा जीव नुसता टांगणीला लागला.

शेवटी तिची नजर त्याच्या सीटवरच्या डब्यावर गेली.

"डबा कुणी भरला?"

"आईनं."

"आणि वडील?"

"मी लहान होतो तेव्हाच गेले."

"मग रोज तिच्या हातचा डबा घेऊन निघता, तेव्हा नाही का टायर फुटत?"

कंडक्टर बाजूला झाला आणि मान खाली घालून त्याने तिकीट फाडलं.

फाट्यावर पोचले तेव्हा मोठी गाडी निघून गेली होती. मागून आलेल्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून ती वसतिगृहात पोचली, तेव्हा दिवस कलला होता. तिच्या मशीनवर दुसरी बाई बसली होती.

ती घरी परतली, तेव्हा लेक पुस्तकं बांधून बसली होती. "आई, कधी जायचं आपण?"

त्या दिवशी गाडीचा टायर फुटला नाही, साधं पंक्चरही झालं नाही. ड्रायव्हर, कंडक्टर सुखरूप घरी जेवले. मग अपशकुन झाला कुणाला, आणि केला कुणी? गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाने याचं उत्तर द्यायला हवं.