प्रभावतीकाकींच्या कॉम्प्युटरला पत्ता मिळेना

प्रभावती नेमिनाथ मगदूम, वय एकसष्ट, परीक्षेला बसणार आहेत हे राजारामपुरीत कुणाला माहीत नाही अशी सोयच नव्हती. नेमिनाथआण्णांनी गल्लीच्या तोंडाला आठ बाय बाराचा फ्लेक्स लावला होता. मधे काकींचा हात जोडलेला फोटो आणि खाली सतरा शुभेच्छुकांची मुंडकी. त्यातल्या चौघांना काकींनी जन्मात बघितलं नव्हतं.

"अवो, फ्लेक्स पास झाल्यावर लावत्यात," काकी म्हणाल्या होत्या.

"पास झाल्यावर दुसरा लावू की," आण्णा म्हणाले. आण्णांचं घराखालीच स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पावणं जास्त. चहा न पिता माणूस त्या उंबऱ्यावरून अजून उतरलेला नाही, आणि 'नको' हा शब्द आण्णा फक्त पावण्याच्या तोंडून ऐकून घ्यायचे, तोही न ऐकल्यासारखा.

परीक्षा होती प्राकृत भाषेच्या पदविकेची. बाहेरगावच्या एका विद्यापीठाची, घरी बसून, कॉम्प्युटरवर, समोर कॅमेरा. संधी दोनच. पहिल्या वेळी काकी मोबाईलच्या नेटवर बसल्या, विसाव्या मिनिटाला नेट गेलं आणि पेपर बाद झाला. आता नियमच आला होता, कॉम्प्युटरला वायरनंच नेट पाहिजे. सकाळी अकराला पेपर. सव्वाअकरापर्यंत आत गेला नाहीत तर विषय संपला.

वायर आदल्या दिवशी ओढून ठेवली होती. जोडली सकाळी दहाला. पडद्यावर कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला आणि तिथंच बसला.

"माझ्या मोबाईलला तर नेट चालतंय की," आण्णा म्हणाले. "वायर वाकडी झाली असंल."

त्यांनी वायर सरळ केली, मग फुंकून लावली, मग उलट्या टोकानं लावली. नंतर दुकानातून नवं फडकं आणून पुसली. त्रिकोण हलला नाही. शेवटी क्रांतीला फोन गेला.

क्रांती मूळची नेसरीची. तीन वर्षं गल्लीतल्या नेट जोडणाऱ्या एजन्सीत होती. दहा वीसला ती स्कुटीवरून आली, आणि पायातली चप्पल काढायच्या आत आण्णांनी विचारलं, "चहा?"

"आण्णा, आधी त्रिकोण बघू द्या."

तिनं दुसरी वायर लावली. तेच. वायर आपल्या लॅपटॉपला लावली, तिथंही तेच. मग काळ्या खिडकीत काहीतरी टाईप केलं आणि आलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"एकशे एकुणसत्तरनं सुरू होतंय. म्हंजे काकी, तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता मिळालेला न्हाय."

"अगं, घराचा पत्ता तर सगळ्यास्नी म्हाईत हाय," आण्णा म्हणाले. "रिक्षावाल्याला नुसतं मगदूम म्हण."

"तसला न्हाय. नेटच्या मशीनकडं जाऊन प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक फोन म्हणतो, मला नंबर दे. मशीन नंबर देतंय, मग नेट चालतंय. काकींचा कॉम्प्युटर अर्धा तास झालं दारात उभा हाय. आतनं कोण 'ये' म्हणंना. मग त्यानं आपल्या मनानंच एक नंबर लावून घेतलाय. त्याचा उपयोग काय न्हाय."

"माझ्याच घरात?" काकी म्हणाल्या.

क्रांतीनं मशीनची यादी उघडली. बोट खाली खाली सरकत गेलं.

"आण्णा, मी हितं पन्नास नंबर ठेवलतो. घरात माणसं दोन. पन्नास म्हंजे डोक्यावरनं पाणी. खरं पन्नासच्या पन्नास गेल्यात. राजवीर किंग कोण?"

"आपल्या पुतण्याचा, वृषभचा दोस्त. रविवारी आलता."

"सयाजी बॉस?"

"कागलचं पावणं! परवा भांडी न्यायला आलतं." आण्णा यादीवर वाकले. चेहरा असा फुलला, जणू लग्नातल्या आहेराची वही वाचतायत. "ही बाळाबाई, भाजीवाली. ह्यो आपला यशराज, सलूनवाला. बघ बघ, सगळी आल्यात!"

"आल्यात, आणि गेल्यात बी. खरं नंबर आठ दिवस त्यांच्याच नावावर ऱ्हातोय. तुम्हीच सांगितलतं न्हवं, पावण्याला परत परत जोडायला लागू नये असं काय तरी कर म्हणून? पासवर्ड कुणाकुणाला दिलायसा?"

"आलेल्याला देतो की. चहा द्यायचा आणि पासवर्ड न्हाय द्यायचा?"

"आलेली माणसं धरून पंचवीस हुतील. बाकीची कोण?"

आण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. काकींनी आण्णांकडं बघितलं. मग तिघंही गॅलरीत गेले.

समोर कोचिंग क्लास. तिथली दीडशे पोरं फ्लेक्सखाली सावलीला उभी होती, माना खाली घालून, जणू काकींच्या फोटोसमोर श्रद्धांजली चाललीय. फ्लेक्सच्या तळाला, शुभेच्छुकांच्या मुंडक्यांखाली, पिवळ्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'या आनंदाप्रीत्यर्थ दिवसभर मोफत वाय-फाय.' त्याखाली पासवर्ड. त्याखाली 'सौजन्य: नेमिनाथ मगदूम'.

"फ्लेक्सवाला म्हटला, खाली जागा मोकळी ऱ्हातीया," आण्णा पुटपुटले.

दहा चाळीस झाले होते. क्रांतीनं पन्नासाचे शंभर केले. त्यासाठी मशीन बंद होऊन चालू झालं, तेवढ्यात खालून "अरे गेलं, अरे गेलं" असा ओरडा झाला, आणि मशीन उठताक्षणी पंगतीत वाढपी दिसल्यासारखे सगळे फोन एकदम धावले. काकींचा कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. तो हातपाय झाडून उठेपर्यंत शंभर पानं भरली होती. मग तिनं हातानं नंबर लिहून बघितला. नेट आलं, पण परीक्षेच्या सॉफ्टवेअरनं लाल पट्टी दाखवली: 'संशयास्पद जोडणी.'

"एकच उपाय," क्रांती म्हणाली. "वाय-फाय बंद करतो. सगळे फोन भाईर. मशीन परत चालू केलं की मागणारा एकटा काकींचा कॉम्प्युटर."

"दिवसभर म्हणून लिवलंय गं," आण्णा म्हणाले. "माझं नाव हाय खाली. पावण्याच्या पुढ्यातलं ताट ओढायचं?"

"आण्णा, पावण्यांच्या गर्दीत घरची बाई उपाशी बसलीया."

काकी खुर्चीवर जाऊन बसल्या, ओळखपत्र कीबोर्डशेजारी ठेवलं आणि त्रिकोणाकडं बघत राहिल्या. मागच्या खेपेला पेपर बाद झाल्यावरही त्या अशाच बसल्या होत्या, पडदा काळा होऊन अर्धा तास झाला तरी.

आण्णांनी ते बघितलं. टोपी सारखी केली. "न सांगता बंद करू नकोस. मी सांगून आलो."

खाली गेले. पोरांनी वाट दिली, दोघांनी पाया पडून घेतलं. आण्णांनी घसा खाकरला.

"चहा घेतलासा काय?"

"न्हाय!" दीडशे पोरं म्हणाली.

आण्णांनी सवयीनं टपरीकडं हात वर केला. वरून क्रांतीनं कपाळावर हात मारला. दहा सत्तावन्न.

"अवो!" काकी गॅलरीत आल्या होत्या. "सांगतायसा, का मी येऊ?"

आण्णांचा हात हवेतच थांबला. तसाच हळूहळू खाली आला.

"पोरांनो," ते म्हणाले, "नेट मिळणार न्हाय."

आयुष्यातला पहिला नकार होता. कसा द्यायचा हे ठाऊक नसल्यानं तो जरा मोठ्यानं निघाला. टपरीवाल्यानं गॅस बंद केला.

"दोन तास न्हाय. माझ्या बायकोचा पेपर हाय. तिच्या वाटणीचा नंबर मी तुम्हास्नी वाटलोय. चुकलं माझं."

"मग आधी सांगायचं न्हवं, आण्णा!" मागून एक पोरगा ओरडला. "काकींचा पेपर हाय, फोन ठेवा रं खिशात!"

वर क्रांतीनं बटण दाबलं. मशीनचे दिवे गेले आणि आले. त्रिकोण थोडा वेळ लुकलुकला, जणू त्याचाही विश्वास बसेना, आणि गेला. यादीत एकच नाव होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी प्रश्न उघडले आणि कॅमेऱ्यातल्या बाईंनी खोलीत दुसरं कोणी नको म्हणून सांगितलं. क्रांती दार ओढून बाहेर आली.

मग दीडशे पोरांनी गल्लीत शांतता पाळली. कोल्हापुरी शांतता. रिक्षा आली की "हॉर्न वाजवू नगंस!" असं दीडशे गळ्यांनी सांगायचं. शेवटी काकींच्या पडद्यावर 'मागे आवाज येत आहे' अशी सूचना आली, तेव्हा क्रांतीनं खाली जाऊन शांतता पाळणाऱ्यांना क्लासमधे हाकललं. आण्णा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. तीन पावणं आली. तिघांनाही त्यांनी खालूनच परत लावलं. तिसऱ्याच्या वेळेला त्यांना ते बऱ्यापैकी जमलं.

एक वाजता दार उघडलं.

"कसा गेला?" आण्णा धडपडत वर आले.

"बरा गेला. एक गाथा अडली, खरं शेवटाला आठवली. वीस मिन्टं आधीच झालता."

"मग भाईर का आली न्हाईस? हितं माझा जीव चाललाय!"

काकींनी खुर्ची जागेवर सरकवली.

"घरात एकटीच होतो," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आलो तवापासनं पयल्यांदा. म्हटलं, जरा बसू दे."