फळीखालची पट्टी

मिस्त्रीच्या हातून लाकडाचं वाईट कधी झालं नव्हतं. माणसांचं थोडंफार झालं असेल, पण ती माणसं तक्रार घेऊन पुन्हा दुकानात आली नव्हती. त्यामुळे त्याच्या मते ते खातं साफ होतं.

मुलगी कामासाठी परगावी गेली तेव्हा आपली कुत्री त्याच्याकडे ठेवून गेली. नाव भिंगरी, आणि तशीच ती. कुत्र्यांच्या कसरतींच्या मैदानावर मुलीच्या इशाऱ्यासरशी दांड्यांवरून उड्या मारायची, कापडी बोगद्यातून सुळकन बाहेर यायची आणि शेवटी सीसॉवर चढायची. मध्यावर पोचली की फळी पलीकडे कलायची, टेकली की ही खाली. मग दोघी एकमेकींच्या अंगावर अशा काही पडायच्या की बघणाऱ्याला आपल्याच घरात काहीतरी कमी आहे असं वाटावं.

बापाला वाटलं, पोरगी परत आली की तिला चकित करू. मैदानावरची फळी जुनी, फुगलेली. त्यानं निबर लाकडाची नवी केली, कडा गोल केल्या, हात फिरवला तर सरकावा असं पॉलिश केलं. मैदान चालवणाऱ्या नर्सबाई, नोकरीतून निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायच्या थांबल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "टोकाखाली रबर लावा."

"रबरानं कामाची शोभा जाते, बाई."

भिंगरी फळीवर चढली, मध्यावर आली आणि ती जड फळी सीसॉखालच्या फरशीवर अशी आपटली की शेजारच्या खिडक्या उघडल्या. कुत्री हवेत उडाली, पाठीवर पडली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन थरथरत मुतली. शोभा मात्र शाबूत राहिली. फळीला ओरखडासुद्धा नव्हता.

त्यानंतर दांडा दिसला की ती थबके, बोगदा दिसला की वळे, फळी दिसली की जमिनीला चिकटे.

"भिंगरी कशी आहे, बाबा?" मुलगी फोनवर विचारी.

"मजेत."

"सीसॉवर जाते?"

"जाते म्हणजे? धावते!" खोटं बोलणाऱ्यानं थोडक्यात आटपलं तर निभावून जातं. मिस्त्रीला कोरीव काम केल्याशिवाय राहवत नसे. "हल्ली तर उतरताना माझ्याकडे बघून शेपूट हलवते."

झालं. आता जे बोललो ते करून दाखवणं आलं. तो नर्सबाईंकडे गेला.

"फळी काढून जमिनीवर सपाट ठेवा," त्या म्हणाल्या. "वर खाऊ ठेवा आणि तुम्ही लांब बसा. बोलावू नका, ढकलू नका. आली तर आली."

"आणि नाही आली तर?"

"तर तुमच्या गुडघ्यांना तेवढाच आराम."

"अहो, पोरगी यायचीय!"

"मग ते कुत्रीला सांगून बघा."

दुकानामागच्या अंगणात त्यानं फळी सपाट मांडली. पण लांब बसणं त्याच्या हाडात नव्हतं. लाकूड शिकंज्यात आवळल्याशिवाय त्यावर रंधा चालत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. त्यानं एक हात भिंगरीच्या पोटाखाली घातला, दुसरा मानेवर, आणि तिला फळीवर धरून ठेवलं. ती हलली नाही. त्यानं नर्सबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघा, राहिली की नाही उभी?"

बाईंनी कुत्रीच्या डोळ्यांकडे पाहिलं. "ती उभी नाही, मिस्त्री. तुमचं संपायची वाट बघतेय."

ते लागलं. मग मात्र तो खरंच लांब बसला. हातात काम नाही, तोंडात शब्द नाही. भिंगरीनं आधी दुरून वास घेतला. मग मान लांबवून एक तुकडा पळवला. मग एक पाय, मग दोन. एका दुपारी ती चारही पायांनी फळीवर आली आणि तिथेच पसरून खाऊ लागली. मिस्त्रीनं श्वाससुद्धा जपून घेतला. त्याचे डोळे भरून आले.

इथे थांबला असता तर! पण पोरगी रविवारी येणार होती, आणि जमिनीवर पडलेल्या फळीला सीसॉ कोण म्हणेल? त्यानं फळीच्या मध्याखाली एक पट्टी सरकवली. बोटाएवढी, फार नाही.

भिंगरी आपणहून आली, शेपूट हलवत. मध्यावर पाय ठेवला आणि फळी टक करून कलली. आवाज एवढासा. ती सुटली, तसा तोही सुटला. दारात तिला गाठलं, "अगं काही नाही, काही नाही," म्हणत पुन्हा उचलून फळीवर आणलं आणि आवळून धरलं. हातांना दुसरं काही येत नव्हतं. कुत्री चावली नाही. किंचाळली. माणसासारखी.

त्यानंतर तो खोलीतून गेल्याशिवाय तिनं ताटलीला तोंड लावलं नाही.

मुलगी आली. भिंगरी तिच्या अंगावर झेपावली, तिचे कान, हनुवटी, चष्मा, सगळं चाटून झालं. "दाखवा बघू, कशी धावते," मुलगी हसत म्हणाली. मिस्त्री अंगणाचं दार उघडायला पुढे झाला, तशी कुत्री बाकाखाली घुसली.

"हे काय, फळीला घाबरते?"

"जरा."

"फळी तर बाहेर आहे, बाबा. इथे ती कोणाला बघून लपली?"

त्यानं सगळं सांगितलं. यावेळी कोरीव काम नव्हतं.

"नसती चढली तर काय बिघडलं असतं?" तिनं विचारलं.

"तू एवढं शिकवलं होतंस..."

"ती आणि मी मजा करत होतो, बाबा."

"ठेवून जा तिला. मी नुसता बसेन. शपथ."

"बसाल," ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "आणि ती जराशी जवळ आली, की तुम्हाला वाटेल आता जमलं."

मिस्त्रीनं भिंगरीची ताटली धुतली आणि मुलीच्या सामानात ठेवली.

सामान गाडीत टाकता टाकता तिला आत राहिलेलं काही आठवलं. भिंगरीचा पट्टा तिनं बापाच्या हातात दिला आणि ती घरात गेली. कुत्री लगेच उलट्या दिशेला सरली. पट्टा संपला, ताणला, तिच्या गळ्यात रुतला. सैल करायचा तर तिच्याकडे एक पाऊल टाकायला हवं होतं, आणि त्यानं पाऊल उचललं असतं तर तिनं आणखी ओढलं असतं. म्हणून मिस्त्री जागचा हलला नाही. त्यानं फक्त हात पुढे केला, खांदा निखळेल इतका, आणि मुलगी बाहेर येईपर्यंत तो तसाच, दुसरीकडे बघत उभा राहिला.