लोबान थांबवलेला गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी पावणेसातला मुकुंदवाडीतल्या एका अंगणात पेट्रोलचा वास सुटला. अंगणात दोन माणसं होती. वास दोघांनाही आला नाही. तो आला भिंतीपलीकडच्या अनिसाभाभींना, आणि तेव्हा त्यांच्या हातात पेटलेल्या कोळशांचं लोबानदान होतं.

अंगण अप्पारावांचं. दुसरं माणूस त्यांची बायको, सरूबाई.

अप्पारावांचं नाक कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, चव अर्धीमुर्धी परत आली. वास काही आला नाही. जालना रोडला त्यांचं गॅरेज होतं. बॉनेट उघडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारून ते सांगायचे, क्लच जळालाय, कूलंट गळतंय, पेट्रोलची नळी चिरलीय. नाक गेल्यावरही ते महिनाभर गॅरेजला जात राहिले. मग करमाडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी त्यांनी नीट करून दिली, आणि ते चावी लावता लावता म्हणालं, "मिस्त्री, पेट्रोलचा भपकारा येऊ राहिला. तुम्हाला येत नाय का?" नळीची क्लिप सैल राहिली होती. अप्पारावांनी ती आवळली, गिऱ्हाइकाला चहा पाजला, शटर ओढलं ते पुन्हा उघडलं नाही. गॅरेज विकलं. पुढं वर्षभर ते ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. जेवायला तीनदा हाक मारावी लागे.

त्यांना ओट्यावरून उठवलं सरूबाईंनी. एके सकाळी त्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझं नाक हाय की. नवं कोरं हाय, आजवर फोडणीपलीकडं वापरलं नाय. घ्या."

"तुला काय कळतंय पेट्रोलमधलं?"

"पेट्रोलमधलं तुम्हाला कळतंय. मला नुसता वास कळतो. दोघं मिळून एक मिस्त्री झाला का नाय?"

तेव्हापासून अंगणात ओळखीपाळखीच्या लोकांची लहानसहान कामं सुरू झाली. काम अप्पारावांचं, शेवटची तपासणी सरूबाईंची. त्या प्लास्टिकचं स्टूल गाडीला खेटून मांडत, वाकून हुंगत. अप्पाराव विचारत, "वास?" त्या म्हणत, "नाय." मग काम संपलं.

यात तिसरं माणूस म्हणजे अनिसाभाभी. दर गुरुवारी मगरिबच्या नमाजनंतर त्या कोळशावर लोबान टाकून घरभर आणि अंगणभर धूर फिरवत. दोन्ही अंगणांमध्ये छातीइतकी भिंत. पेट्रोलचं काम असलं की सरूबाई भिंतीवरून सांगत, "भाभी, आज कोळसा थांबवा." काम आटोपलं की, "लावा आता." भाभी चिडवत, "अप्पाभाऊ, तुमच्या गाडीपायी आमचे वर गेलेले बुजुर्ग लोबानासाठी ताटकळत बसले की हो!" पण सरूबाईंची हाक आल्याशिवाय त्यांनी कोळसा कधी अंगणात आणला नाही.

या गुरुवारी गाडी घरचीच होती. मुलगी श्रेया पिशोरला दिलेली, तिला सातवा लागला होता. शुक्रवारी सकाळी तिला माहेरी आणायला जायचं ठरलं होतं. आणि बुधवारी गाडी केंब्रिज चौकात दोनदा खोकून जी बंद पडली ती हललीच नाही. टोचन करून घरी आणली. अप्पारावांनी चावी फिरवून मागच्या सीटखाली कान लावला. एरवी तिथून बारीक गुणगुण येते. काही आलं नाही. फ्यूज पाहिला, वायरला करंट येतोय हे पाहिलं. फ्यूल पंप गेला होता.

"उजैरच्या गॅरेजला देऊ का?" त्यांनी विचारलं. उजैर त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"उजैर शनिवारशिवाय हात लावायचा नाय. पोरगी वाट बघून राहिली," सरूबाई म्हणाल्या. "तुम्ही करा. मी हाय ना."

गुरुवारी दुपारी त्यांनी गाडी पत्र्याखालून ढकलून उघड्यावर घेतली. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीवर बसून राहते, पांगायला तिला वारा लागतो. दोघांचे मोबाइल आत ठेवले. स्वयंपाकघरातला सिलिंडर बंद केला. वाळूची बादली हाताशी ठेवली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधली. टाकी पिशोरच्या फेरीसाठी तोंडापर्यंत भरलेली होती, ती तशीच असू दिली. मागची सीट उचलली, पत्र्याचं झाकण काढलं आणि टाकीच्या तोंडाभोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. टाकीत मातीचा कण गेला तर नवा पंपही आठवड्यात जातो. नळी काढताना तिच्यावर कापड धरलं, म्हणजे आत अडकलेला दाब डोळ्यांवर उडत नाही. टाकीच्या तोंडावरची रिंग फिरवायला त्यांनी लोखंडी हातोडा घेतला नाही. लाकडी ठोकळा आणि पितळेची सळई घेतली. पितळेनं ठिणगी पडत नाही.

सरूबाई स्टुलावर बसून हे सगळं पाहत होत्या. "लेकीच्या लग्नात मांडव घातला तेव्हा इतकी काळजी केली नव्हती."

"मांडवात पेट्रोल नव्हतं."

"तुमचे सोयरे होते की."

अप्पाराव हसले. जुना पंप वर आला, नवा खाली गेला. नवी रबरी कडी बसवली, तिच्यावर झाकण, झाकणावर रिंग. रिंग फिरवताना एका अंगाला किंचित जड गेली. त्यांना ते जाणवलं. नवी कडी आहे, जड जायचीच, असं त्यांनी धरलं. शिवाय पुढं तपासणी होतीच. नळी जोडली, बॅटरी जोडली. इंजिन सुरू न करता चावी दोनतीनदा नुसती अर्ध्यावर फिरवली. सीटखालून गुणगुण आली. नळीत दाब भरला.

उजेड उतरत होता. सरूबाई स्टुलावरून वाकल्या. त्यांच्या डाव्या हातात जुन्या धोतराचा पांढरा तुकडा होता. तो त्यांनी नळीच्या जोडावरून आणि रिंगेच्या अलीकडच्या कडेवरून फिरवला.

"वास?"

"नाय."

"नीट घे."

"नाय हो. बसवा सीट." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड करून हाक दिली, "भाभी, लावा आता!"

भाभींचे कोळसे चुलीवर तयारच होते. त्या लोबानदान घेऊन अंगणात आल्या. लोबान अजून टाकलेला नव्हता. टाकला असता तर त्याच्या धुरात त्यांनाही कदाचित काही कळलं नसतं. भिंतीपासून पाचसहा पावलांवर त्या थबकल्या.

"या अल्ला! भाऊ, पेट्रोल! केवढा वास येऊ राहिला!"

"मागं व्हा! आत न्या, नळाखाली धरा!" अप्पाराव ओरडले. भाभी पळाल्या. आतून कोळशांवर पाणी पडल्याचा आवाज आला. अप्पारावांनी सरूबाईंचा दंड धरून त्यांना फाटकाबाहेर नेलं. बॅटरीला त्यांनी हात लावला नाही. वायर काढताना ठिणगी पडते, आणि आता ती पडून चालणार नव्हती. गाडीची दारं उघडी होती, ती तशीच राहू दिली. दोघं रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. भाभींनी बाहेरूनच हाक मारून शेजारच्या दोन घरांचे गॅस बंद करवले.

वारा बेताचा होता. बऱ्याच वेळानं भाभी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "आता कमी हाय."

मग अप्पाराव गाडीपाशी गेले. रिंगेच्या पलीकडच्या अंगाला नवी कडी दुमडून चेपली होती. तिथून पेट्रोल झिरपून टाकीच्या पाठीवर पसरलं होतं. बोट लावलं तर ओलं. ते बोट त्यांनी सवयीनं नाकाशी नेलं आणि खाली घेतलं.

"सरू, हे तुला आलं नाय?"

सरूबाईंनी पांढरा तुकडा मुठीत चुरगळला.

"भाभीला तिथून आलं. तू तर वर वाकली होतीस."

"पलीकडं हात पोचला नाय माझा," त्या म्हणाल्या.

अप्पारावांना आधी कळलं नाही. वासाला हात कशाला लागतो? मग त्यांनी तो तुकडा पाहिला, आणि गेल्या काही महिन्यांत तपासणीच्या वेळी तो दर वेळी सरूबाईंच्या हातात असे, हेही आठवलं. त्या हुंगत नव्हत्या. पुसून पाहत होत्या.

"कधीपासून?"

"नवरात्रापासून. घटापुढं धूप घातला, धूर डोळ्यांत गेला, पण वास नाय आला. म्हटलं सर्दी आसंल."

दिवाळीनंतर एकदा त्यांच्या घरात दूध करपलं होतं. पातेलं काळं होईस्तोवर दोघं पुढच्या खोलीत टीव्ही पाहत बसले होते, आणि भाभींनी भिंतीवरून ओरडून सांगितलं होतं. घरात दोन माणसं, आणि दूध करपल्याचं शेजारून कळलं. तेव्हा तिघंही पोट धरून हसले होते. अप्पाराव मनानं त्या हसण्यापाशी जाऊन थांबले.

"बोलली का नायस?"

"बोलले असते तर तुम्ही पान्हा ठेवला असता. परत ओट्यावर."

"अगं, मग बसलो असतो! आज तू, मी, ती बिचारी... काय केलंस तू हे?"

"तुमचं काम चोख असतंय," सरूबाई म्हणाल्या. "मी तुमच्या तोंडाकडं बघून नाय म्हणायचे. तुमच्या तोंडावर खात्री दिसली की मलाबी खात्री वाटायची. आजपर्यंत चुकलं नाय."

रिंग जड गेली होती ते अप्पारावांना कळलं होतं, आणि ते तिच्या नाकावर सोडून मोकळे झाले होते. ती त्यांच्या तोंडावर विसंबली होती, ते तिच्या नाकावर. मधल्या जागेत पेट्रोल झिरपत होतं.

"आणि हात का नाय पोचला?" त्यांनी विचारलं. "उजव्या हातानं घ्यायचं. डाव्यानं का पुसत होतीस?"

"उजवा खांदा आखडलाय. थंडीपासून जड झालाय जरा."

शुक्रवारी ते पिशोरला गेले नाहीत. श्रेयाला जावईबापूंनी आणून सोडलं. "आई, मी येणार म्हणून तरी डाळीत मीठ टाकायचं," ती पहिल्याच घासाला म्हणाली, आणि आईबाप एकमेकांकडं न बघता जेवत राहिले.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना नाकात काही सापडलं नाही. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या बाई तरुण होत्या. त्यांनी सरूबाईंना अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला सांगितलं, मग दारापर्यंत चालून यायला सांगितलं. सरूबाई चालून आल्या. अप्पाराव खुर्चीत बसून पाहत होते, आणि त्यांना आज पहिल्यांदा दिसलं की चालताना तिचा डावा हात हलतो आणि उजवा अंगाला चिकटून राहतो. गाडीचं एखादं चाक वाकडं फिरत असलं तर ते त्यांना पलीकडच्या रस्त्यावरून दिसे.

"वास जाणं हे काहींमध्ये आधी होतं, हात नंतर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींमध्ये दोन्हींचा एकमेकांशी संबंधही नसतो. लगेच नाव घेऊ नका."

"कशाचं नाव?" सरूबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं. रिक्षात सरूबाई म्हणाल्या, "लई अवघड नाव हाय बाई. मराठीत नाय का काही?" अप्पाराव म्हणाले, "कंपवात म्हणतात." "पण माझा हात तर कापत नाय." "व्हय," अप्पाराव म्हणाले, "कापत नाय." मुकुंदवाडी येईपर्यंत त्यांनी तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. तो खरंच कापत नव्हता.

पुढच्या गुरुवारी अप्पारावांनी दुसरी कडी आणली. ते स्वतः बसवणार नव्हते; उजैर येतो म्हणाला होता. पण सकाळीच सरूबाईंनी प्लास्टिकचं स्टूल गाडीजवळ नेऊन ठेवलं, डाव्या हातानं, आणि भिंतीवरून सांगितलं, "भाभी, आज कोळसा थांबवा. आणि नाक घेऊन या." भाभी फाटकातून आल्या आणि ओढणी सावरून गाडीत वाकल्या. सरूबाई स्टुलावर बसल्या.

उजैरची वाट न बघता अप्पारावांनी कडी बोटानं चहूबाजूंनी चाचपून बसवली, रिंग दोनदा काढून पुन्हा फिरवली. चावी अर्ध्यावर नेली. दाब भरला. मग सवयीनं त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"वास?"

"मला नाय कळत," सरूबाई म्हणाल्या.

"नाय," भाभी म्हणाल्या. "भाऊ, अजिबात नाय." तरी अप्पारावांनी त्यांना आणखी एकदा हुंगायला लावलं.

गाडी सुरू झाली. भाभींनी कोळसे पेटवले, लोबान टाकला. धूर भिंतीवरून अलीकडं आला. सरूबाईंनी तोंड वर करून तो ओढला, डोळे मिटले, आणि श्रेयानं "आला का?" असं विचारल्यावर मान हलवली. ती होय म्हणून होती की नाही म्हणून, ते श्रेयाला कळलं नाही. अप्पारावांनी विचारलं नाही.

एमआरआय साफ आला आहे. या आजारात तो बहुधा साफच येतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. गोळी सुरू केली आहे. गोळीनं हात सुटला तर आजार तोच असण्याची शक्यता वाढते, नाही सुटला तर पुढं पाहायचं. त्यामुळं हात सुटावा की न सुटावा, हे घरात कुणालाच ठरवता येत नाही. गोळी सुरू होऊन पंधरवडा झाला. काल सकाळी सरूबाईंनी बऱ्याच दिवसांनी उजव्या हातानं परकराची नाडी बांधली. सैल बसली. डॉक्टरबाईंची पुढची तारीख होळीनंतरची आहे.