रेघेच्या शेवटचा पीळ

कागद कापायच्या यंत्रात धाकटीचा डावा हात गेला, आणि धाकटी डावखुरी. चित्रकाराच्या नशिबाला याहून वाईट थट्टा सुचली नसती. वर्षभर तिने उजव्या हाताने रेघोट्या ओढल्या आणि टराटरा फाडल्या. मग मोटारीवर चालणारा कृत्रिम हात आला. बोटं झकास वळायची, पण हात अगदी कोरा. कुणीतरी तारांचा हातमोजा घालून कामं करायची, आणि त्या हालचाली या हाताने शिकायच्या, अशी त्याची रीत होती.

घरात दुसरा डावखुरा हात थोरल्या बहिणीचा, ताईचा. ताईचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान. हातमोजा घालून रेघा मार, एवढंच धाकटीने तिला सांगितलं होतं. पण दुकानात कामाचा ढीग. ताईला वाटलं, हाताला काम शिकवायचं तर खरं कामच केलेलं बरं. तिने हातमोजा घालून आठवडाभर स्क्रू पिळले.

झालं! नवा हात ब्रश पेचकसासारखा धरू लागला आणि प्रत्येक रेघेच्या शेवटी अर्धा पीळ देऊ लागला. धाकटीने ताईला मनसोक्त शिव्या घातल्या. ताईने पुन्हा शिकवायला हातमोजा मागितला. पण तोवर धाकटीची नजर कागदावर खिळली होती. पिळाच्या जागी ब्रशचे केस वळायचे आणि शाई बारीक होत होत सुटायची. असं तिच्या मूळच्या हातालाही कधी साधलं नव्हतं. तिने हातमोजा दिला नाही.

पुढे उजवा हात रेघ सुरू करायचा आणि डावा संपवायचा. मग उजव्यालाही पिळाची खोड लागली. कुठला हात कुठे थांबला हे तिचं तिलाच कळेना, आणि त्यात ती खूश होती.

हात गेल्यानंतरचं तिचं पहिलं प्रदर्शन ठरलं. चित्र भिंतभर: ताईचं टेबल आणि त्यावर उघडे पडलेले पंखे. चित्राशेजारचा संगणकाचा पडदाही धाकटीनेच रचला होता, पोटापाण्यासाठी ती तेच काम करायची. काचेवर बोट फिरवलं की चित्र रेघेरेघेने उमटत जायचं. कलादालनाच्या संचालकांना तो फार आवडला. फक्त दोन बटणं हवीत, म्हणाले. एक दाबलं की यंत्राच्या रेघा लाल, दुसरं दाबलं की माणसाच्या. लोक तेच बघायला येतात.

धाकटीने समजावून पाहिलं. संचालक सभ्य माणूस, शेवटपर्यंत हसत होते.

"बटणं नसतील तर चित्रही नसेल," ते म्हणाले.

ती प्रामाणिकपणे रेघा वेगळ्या करायला बसली. पहिलीच रेघ उजव्या हाताची. पण पीळ यंत्राकडून आलेला, आणि यंत्राकडे ताईकडून. तिच्या डोक्यात तिडीक गेली. हात गमावला तेव्हा लोकांनी तिचे दोन तुकडे केलेच होते, धड आणि अधू. आता चित्राचेही करायचे? तिने दोन्ही बटणं बसवली.

उद्घाटनाला हॉल गच्च भरला. संचालकांनी ऐटीत यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावरचं अख्खं चित्र लाल झालं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी माणसाचं दाबलं. पुन्हा अख्खं चित्र लाल. त्यांनी तीनदा दाबून पाहिलं.

"बिघडलंय का हे?"

"नाही," धाकटी म्हणाली. "दोन्ही बटणांचं उत्तर एकच आहे."

संचालकांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. त्यांनी तिला बाजूला घेतलं. आत्ता दुरुस्त करा, म्हणाले, नाहीतर चित्र उतरवावं लागेल. आणि यातलं यंत्र नेमकं कुठे आहे, हे लोकांना मी काय सांगू?

मागे उभ्या ताईने ऐकलं. दुकान बंद करून तशीच आली होती, नखांत वंगण होतं. तिने आपला डावा हात त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे घ्या तुमचं यंत्र. लावा लाल रंग."

चित्र त्याच संध्याकाळी उतरलं. धाकटीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. रस्त्यात ती रडलीसुद्धा. पण बटणं तिने बदलली नाहीत.