टपावरची बोट

दवाखान्याच्या तळघरात गाड्या लावायची सोय होती आणि उताराच्या तोंडाशी, डोक्यावर, उंच गाड्या अडवायला एक लोखंडी दांडा आडवा टाकलेला होता. त्याला पिवळे-काळे पट्टे मारलेले, वर उंचीची पाटी, पाटीखाली साखळ्या लोंबत सोडलेल्या. बाबांनी गाडी सरळ आत घातली. टपावरच्या रॅकवर बोट बांधलेली होती.

आधी साखळ्या खडखडल्या. मग वाळकं लाकूड फोडावं तसा लांब, कोरडा आवाज झाला. मुलगी शेजारच्या सीटवर वाकून ओले बूट काढत होती, ती मान वर करेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. रॅकचे दोन्ही आडवे दांडे टपावरून उपटून मागे फेकले गेले होते, मागची काच तडकली होती आणि तिची शर्यतीची कयाक मधोमध मोडून उतारावर आडवी पडली होती. रक्तदाब तपासून आलेली आई वरच्या पायरीवर यांचीच वाट बघत उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

"अरेच्चा," बाबा म्हणाले. तेवढंच.

बाबा म्हणजे कुणी नवशिके नव्हते. अग्निशमन दलात सगळी हयात त्यांनी शिडीचा उंच बंब चालवला. गल्लीबोळांतून, विजेच्या तारांखालून, बुटक्या पुलांखालून तो काढला, पण त्याला कधी ओरखडा उमटू दिला नाही. क्लबातली पोरं त्यांना 'बंबकाका'च म्हणत. निवृत्त झाल्यावर ही एसयूव्ही घेतली ती मुळी लेकीच्या बोटीसाठी. रोज सकाळी तिला तलावावर न्यायचं, बोट उतरवायची, ती पाण्यात असेपर्यंत काठावर येरझारा घालायच्या, मग बोट पुन्हा चढवून पट्टे आवळायचे आणि तिला कामावर सोडायचं. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. "दिवसभर लोकांचे दात घासते आणि सकाळी पाण्यावर स्वतःचे खाते," असं बाबा कौतुकानं सांगायचे. तिला ते 'बदकू' म्हणायचे.

आता बदकूनं अबोला धरला. निवड चाचणी तोंडावर आली होती आणि बोटीचे दोन तुकडे झाले होते. बाबा जेवायला हाक मारत, ती "भूक नाही" म्हणे. म्हाताऱ्या माणसाचं लक्ष नसेल एखाद्या वेळी, हे तिला कळत होतं. पण राग म्हटला की तो काही कळण्यावर चालत नाही.

शेवटी क्लबच्या सचिवांनी एक जुनी बोट तिला वापरायला दिली. जरा जड होती, पण तरंगत होती. आता रॅक नवा घेणं भाग होतं. रविवारी सकाळी ती आणि बाबा निघाले, तर आईही चपला घालून तयार.

"तू कशाला? तुला त्यातलं काय कळतं?" मुलीनं विचारलं.

"येते गं आपली. घरात बसून तरी काय करू?" आई म्हणाली. या असल्या खरेदीत आईनं कधी रस घेतला नव्हता. मुलीला नवल वाटलं, पण तिनं फार मनावर घेतलं नाही.

गाड्यांच्या सामानाचं दुकान ऐसपैस होतं. रबराचा वास, भिंतीला टांगलेली सीट-कव्हरं, मध्ये एका मोडक्या गाडीचा नुसता टप लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेला, गिऱ्हाईकाला रॅक बसवून दाखवायला. दुकानाची मालकीण बोलकी बाई होती. तिनं आईला स्टूल दिलं आणि आपला माल दाखवायला घेतला.

"हा साधा. तुमच्या टपावर लांबीच्या पट्ट्या आहेत ना, त्यांना क्लॅम्पनं धरतो. वर फोमच्या गाद्या, बोट त्यांच्यावर पालथी. हा दुसरा आकड्यासारखा, यात बोट कुशीवर उभी राहते. शेजारी आणखी एक मावते. आणि हा तिसरा." तिनं एक कळ दाबली. रॅकचा हात टपावरून बाजूनं खाली उतरला आणि कमरेच्या उंचीवर येऊन थांबला. "बोट इथे ठेवायची, बांधायची आणि वर ढकलायची. स्प्रिंगच उचलते. एकट्या माणसाचं काम."

बाबांनी पहिल्या रॅकवर हात फिरवला. "क्लॅम्पला आतून रबर आहे? नाहीतर रंग खरवडतो. आणि टप भार किती घेतो ते गाडीवाल्यांचं बघायचं, रॅकवाल्यांचं नाही. बरोबर ना?"

"अगदी बरोबर, काका."

मुलीला बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा तिनं बाबांकडे नीट पाहिलं. दाढी करताना गालावर एक पट्टा राहून गेला होता. उगाच धारेवर धरलं आपण, असं तिच्या मनात आलं.

"झकास," बाबा म्हणाले. "हाच घेऊ. पोरांच्या दोन्ही सायकली आरामात बसतील."

मालकीण गोंधळली. "सायकली? ताई तर बोट म्हणाल्या."

क्षणभर बाबांचा चेहरा कोरा झाला. मग ते हसले. "हो हो, बोटच! मी आपलं पुढचं बघून ठेवतो. उद्या नातवंडं होतील, त्यांना सायकली नकोत?"

मालकीण हसली. मुलगीही हसणार होती, पण हसू आलं नाही. ती शाळेत असताना सुट्टीत तिची आणि चुलतभावाची सायकल बाबा जुन्या गाडीच्या टपावर बांधून न्यायचे. त्या चुलतभावाला आता टक्कल पडलं होतं.

"पट्टा आवळून बघा ना काका, म्हणजे अंदाज येईल," मालकिणीनं पट्टा त्यांच्या हातात दिला.

क्लबातल्या प्रत्येक पोराला पट्टा आवळायला बाबांनी शिकवलं होतं. बकलात खालून घालायचा, त्याच्या जिभेखालून काढायचा आणि खसकन ओढायचा. त्यांनी तो वरून घातला. ओढला, तर सबंध पट्टाच हातात आला. त्यांनी बकल उलटंसुलटं करून पाहिलं, पुन्हा वरूनच घातला, पुन्हा तेच. बोटं घाईघाईनं काहीतरी शोधत होती. "बकल नव्या धाटणीचं दिसतंय," ते म्हणाले.

बकल वर्षानुवर्षांचंच होतं. मुलीनं आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून गाडीच्या पायपुसण्यांचा ढीग बघत होती, जणू त्यातलंच एक निवडायला आली होती. तेव्हा मुलीच्या ध्यानात आलं की आईला हे सगळं ठाऊक आहे.

बाबा टायर बघायला दुकानाच्या मागच्या अंगाला गेले, तशी तिनं आईला दंडाला धरून बाहेर नेलं.

"कधीपासून?"

आईनं आढेवेढे घेतले नाहीत. "गेल्या वर्षी घराची गल्ली चुकले. मला म्हणाले, रस्ता खोदलाय, वळसा घालावा लागला. रस्ता खोदलेला नव्हता."

"आणि तू रोज मला त्यांच्या शेजारी बसवून पाठवत होतीस?"

"तू शेजारी असायचीस, म्हणून तर पाठवत होते. तुझ्याबरोबर असले की रस्ता चुकायचे नाहीत." आईचा आवाज फाटला. "तलावावर जायचंय म्हणून उठतात गं ते. दाढी करतात, बूट घालतात. तेवढं काढून घेतलं तर राहिलं काय?"

"आणि कुणी चाकाखाली आलं असतं तर? त्या उतारावर एखादं पोर उभं असतं तर?"

दोघी दुकानाच्या काचेशी उभ्या राहिल्या. आत बाबा एका टायरवर बोटानं टिचकी मारत होते.

ती आत गेली आणि म्हणाली, "आम्हाला तिसरा द्या."

बाबा लगबगीनं पुढे आले. "तो कशाला? तो एकट्या माणसासाठी आहे. आपण दोघं आहोत की."

"मला तोच हवाय, बाबा."

"म्हणजे मी नको."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. पाऊस आहे का बाहेर, असं विचारावं तसं म्हटलं. मालकीण पावती करायच्या निमित्तानं लांब सरकली.

"तुमची पाठ दुखते ना," ती म्हणाली.

"माझी पाठ? माझी पाठ कधी दुखली?" त्यांनी आईकडे वळून विचारलं. "काय गं, दुखते का माझी पाठ?"

"दुखते हो," आई म्हणाली. "विसरता तुम्ही."

रॅक बसवून होईपर्यंत बाबा स्टुलावर बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गाडीची किल्ली मुलीकडे आली. बाबांनी ती मुकाट्यानं दिली, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. पण तलावावर त्यांना सोबत न्यायचं, एवढं तिनं आईला कबूल केलं. ती चालवायची, ते शेजारी बसायचे. पुढे सिग्नल दिसला की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा.

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी ती पेट्रोल भरून पैसे द्यायला आत गेली. परतली तेव्हा बाबा गाडीच्या दाराच्या पायरीवर चढून उभे होते.

"काय करताय?"

"काही नाही, हवा खातोय."

ती निघाली. उड्डाणपुलावर मागचा ट्रकवाला सारखा हॉर्न द्यायला लागला. घाई आहे मेल्याला, असं म्हणत तिनं बाजू दिली, तरी तो थांबेना. शेवटी त्यानं शेजारी येऊन खिडकीतून हात वर केला आणि टपाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात समोरच्या काचेवर बोटीचं नाक डावीकडे सरकताना तिला दिसलं.

तिनं कडेला गाडी घेतली. पुढचा पट्टा नव्हताच. मागचा अर्धा सुटून लोंबत होता. एवढी जड बोट नुसती रॅकच्या गादीवर टेकून होती, आणखी एक गचका बसायचा अवकाश. एक स्कूटर तिच्या शेजारून पुढे गेली. स्कूटरवर बाप, आई आणि मध्ये चेपून बसलेलं शाळेच्या कपड्यांतलं मूल.

बाबा उतरून कठड्याशी उभे होते. पुढचा पट्टा त्यांच्या हातात होता, तलावावर पोचल्यावर गुंडाळून ठेवायचे तसा व्यवस्थित गुंडाळलेला. "आलो ना आपण?" ते म्हणाले. "उतरवायची ना?"

"हात लावू नका!" ती ओरडली. "कशालाच हात लावू नका! कुणी मेलं असतं, कळतंय का तुम्हाला? मेलं असतं कुणीतरी!"

बाबा दचकले. त्यांच्या हातून पट्टा खाली पडला. तो उचलावा की नाही, तेही त्यांना कळेना. येणारे-जाणारे माना वळवून बघत होते. तिनं पट्टा उचलला आणि बोट बांधायला घेतली. घाईत तिनंही तो बकलात वरूनच घातला आणि सबंध पट्टा हातात आला.

तलावावर न जाता तिनं गाडी वळवली आणि बाबांना घरी आणून सोडलं. आईला सगळं सांगितलं. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बरं. नको नेऊस आता."

त्यानंतर ती एकटीच जायला लागली. सुरुवातीला बाबा बूट घालून दाराशी बसायचे आणि आई त्यांना काहीबाही सांगून आत न्यायची. मग त्यांनी बूट घालणं सोडलं. मग दाढी. मग उन्हं वर आली तरी उठेनासे झाले. आईनं एकदाही "मी म्हणत नव्हते का?" असं तोंडातून काढलं नाही, आणि म्हणूनच मुलीला तिच्यापुढे मान वर करता येईना. आईचं खरं होतं. तिचं स्वतःचंही खोटं नव्हतं. पण या दोन्हींतून बाबांच्या वाट्याला फक्त पलंग आला.

निवड चाचणीत तिचा नंबर लागला नाही. जुनी बोट जड होती हे खरं, पण त्या बोटीपेक्षा जड काहीतरी तिच्या खांद्यांवर होतं आणि ते सचिवांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी तिनं बाबांना आंघोळ घातली, स्वच्छ शर्ट घातला आणि आई-बाबा दोघांना गाडीत बसवून तलावावर नेलं. टपावर काही नव्हतं. पाण्यात क्लबातली पोरं सराव करत होती. कुणीतरी लांबून ओरडलं, "बंबकाका आले!"

तिनं बाबांच्या बाजूची काच खाली केली. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं.

"कुठे आणलंत?" ते म्हणाले. "गार वारा सुटलाय. घरी चला."

"उतरून तर बघा, बाबा. थोडा वेळ."

"नको. घरी चला," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी आईचा हात धरला.

तिनं काच वर केली आणि गाडी मागे घेतली.