यादीत नसलेलं नाव

कात्रिनने मतदानाची यादी ज्ञानदाच्या हातात ठेवली आणि विचारलं, "यात तुझं नाव कुठाय?"

जर्मनीतल्या गार्चिंगच्या क्रीडागृहात मोसमाचा शेवटचा सामना नुकताच संपला होता. विद्यापीठांच्या बास्केटबॉल लीगमधले आठ संघ, प्रत्येक मॅनेजरने पाठवलेलं एकेक नाव, आणि त्यातून इथे जमलेल्या आठ कर्णधारांनी निवडायची वर्षाची सर्वोत्तम खेळाडू. कात्रिन समोरच्या संघाची कर्णधार. आत्ताच ज्ञानदाने तिच्या संघाविरुद्ध एकतीस गुण केले होते. ज्ञानदाच्या संघाच्या, गार्चिंगच्या रकान्यात मात्र त्यांची कर्णधार स्वेन्या हिचं नाव होतं. पोरगी गुणी, उंचीही भरपूर, पण अर्धा मोसम दुखरा गुडघा धरून बाकावर बसलेली.

ज्ञानदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं पीएचडी सांभाळून, प्रयोगशाळेतून तडक सरावाला धावत, तिने हा संघ तळातून दुसऱ्या नंबरावर आणला होता. ऑगस्टमध्ये ती पुण्याला परतणार होती. पुढचा मोसम तिच्या नशिबी नव्हताच. आणि नाव पाठवणारे मॅनेजर कोण, तर चारुदत्तदादा. तिच्याच इन्स्टिट्यूटमधले सीनियर. दर होळीला ती त्यांच्याकडे नीलिमावहिनींच्या हातची पुरणपोळी खाऊन येई. परक्याने असं केलं असतं, तर दोन शिव्या हासडून तिने विषय सोडून दिला असता.

दादा रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत होते.

"दादा, माझं नाव का नाही पाठवलंत?"

"अगं, ऐक तरी. मी मराठी, तू मराठी, त्यातून आमच्याकडे जेवायला येणारी. लोक म्हणाले असते, आपल्या माणसाचा वशिला लावला. आल्झो, म्हणून म्हटलं नकोच ती भानगड. तू घरचीच आहेस, समजून घेशील."

"कोण लोक? कोणी काही म्हणालं तुम्हाला?"

"म्हणालं नाही गं. पण म्हणाले असते."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर घरच्याच माणसाने दुकानाला कुलूप घातलं होतं, वर चांगुलपणाचा आव.

"घरच्यांनीच दरवेळी का समजून घ्यायचं, दादा? माझे गुण कागदावर आहेत, कोणीही वाचावेत. तुम्हाला माझी काळजी नव्हती. तुमचं नाव स्वच्छ राहायला हवं होतं, म्हणून माझं खोडलंत."

दादांचा चेहरा उतरला. "थांब, अजून चिठ्ठ्या वाटायच्या आहेत. लीगचा सेक्रेटरी ओळखीचा आहे माझा. हळूच जाऊन सांगतो त्याला."

"ह्याला म्हणतात वशिला," ज्ञानदा म्हणाली. "आता मुळीच जायचं नाही."

कर्णधारांनी चिठ्ठ्या लिहिल्या. बाकी सगळे बाकांवर बसले. ज्ञानदाला दादांच्या शेजारीच जागा मिळाली. उठून जावं असं शंभरदा वाटलं, पण उठली नाही. पळून जायला तिने काही चोरलं नव्हतं.

सेक्रेटरी सरळ रेघेत चालणारा माणूस. त्याने चष्मा लावून निकाल वाचला. मतं आठ. त्यातली तीन ग्राह्य, पाच बाद. पाचही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलेलं आहे, पण ते यादीत नाही, आणि नियम तो नियम. सबब दोन मतांवर न्यूर्नबर्गच्या खेळाडूला पुरस्कार.

टाळ्या सुरू झाल्या. कात्रिनने वळून ज्ञानदाकडे पाहिलं. आणखी चौघी कर्णधार तिच्याकडेच पाहत होत्या, त्यांत स्वेन्याही होती. दादांनीही टाळ्या वाजवायला हात उचलले.

"राहू द्या," ज्ञानदा हलक्या आवाजात म्हणाली. "उभे राहा आणि ते नाव कोणाचं ते सांगा. तुमच्याकडून मला एवढंच हवंय."

दादांनी एकदा सेक्रेटरीकडे पाहिलं, एकदा लोकांकडे पाहिलं. "आता कशाला उगाच तमाशा," ते पुटपुटले.

आपल्या तोंडाने आपलं नाव पुढे करायचं नसतं, हे ज्ञानदाला लहानपणापासून शिकवलेलं होतं. दादांनाही तेच शिकवलं असणार. टाळ्या थांबेपर्यंत तिने वाट पाहिली, मग ती उठली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "त्या पाच चिठ्ठ्यांवरचं नाव माझं आहे."